खिडकीतलं हाड

दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, घरोघरी टर्की पक्षी भाजतात तेव्हा, ऑर्व्हिल टेस्मर आपल्या कुत्रीसाठी मला फोन करायचे. "डॉक्टर, टिलीला टर्की देऊ ना?" मी दर वर्षी तेच सांगायचे, "द्या. कातडी काढून, कांदा-मसाला न लावलेली. आणि हाड एकसुद्धा नाही!" यंदा सणाच्या दुसऱ्या दिवशी म्हातारबाबा टिलीला कडेवर घेऊन दवाखान्यात आले. कुत्रीच्या घशात हाड आडवं अडकलं होतं. चिमट्याने काढेपर्यंत मला घाम फुटला, आणि मग माझं तोंड सुटलं.

"इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी! मारायचंय का तिला?"

"मी नाही दिलं. खिडकीत ठेवलं होतं, तिने पळवलं."

टर्कीच्या छातीतलं दोन टोकांचं हाड होतं ते. जेवण झालं की दोघांनी एकेक टोक धरून ओढायचं. मोठा तुकडा ज्याच्या हाती, त्याची इच्छा पुरी. पण हे वाळून पिवळं पडलेलं.

"हे कालचं नाही."

"तीन वर्षांपूर्वीचं आहे."

"मग तेव्हाच मोडून टाकायचं ना!"

"एकट्याने कसं मोडणार? आमची लेक जनीन दर वर्षी म्हणते, येते म्हणून."

मी ओशाळले. हाड स्वच्छ धुतलं, एक टोक धरलं आणि दुसरं त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते अलगद माझ्या हातातून सोडवून रुमालात गुंडाळलं.

"नको, डॉक्टर. पोरगी आली आणि हाड नसलं तर?"