किणकिण

कॉटखालचा वाडगा आजही तसाच भरलेला पाहून अनसूयाकाकूंचा जीव गलबलला. काठीचा मार खाऊन भेदरलेली ही कुत्री एका संस्थेने त्यांच्याकडे सांभाळायला दिली होती. पावलांच्या चाहुलीनेसुद्धा ती थरथरायची. म्हणून काकू आधी दारात बांगड्या वाजवत आणि मगच वाडगा ठेवत. त्या किणकिणीच्या भरवशावर ती हळूहळू बाहेर येऊ लागली, संध्याकाळी काकांबरोबर फिरायलाही जाऊ लागली.

मग काका गेले. आयाबायांनी काकूंच्या बांगड्या उतरवल्या. तेव्हापासून कुत्रीने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. अन्नाला शिवायलाही ती तयार नव्हती.

काकूंनी डबा उघडला आणि हिरव्या बांगड्या हातात चढवल्या. नणंद स्वयंपाकघरातून धावत आली.

“वहिनी, हे काय आरंभलंय? दादाला जाऊन आठवडा नाही झाला! लोक तोंडात शेण घालतील.”

“घालू देत. वन्सं, तिला कुठे कळतंय कुंकू पुसलं ते? हा आवाज आला की कोणी मारत नाही, एवढंच बिचारीला ठाऊक.”

काकूंनी हात हलवला. कॉटखालून आधी नाक आलं, मग डोळे. कुत्रीने वाडगा चाटूनपुसून साफ केला, काकूंच्या मनगटाला नाक लावलं आणि खुंटीवरच्या पट्ट्याखाली जाऊन, शेपटी हलवत, दाराकडे बघत बसली. तिची फिरायला जायची वेळ झाली होती.

काकू तिच्याशेजारी जमिनीवर टेकल्या.

“ते नाही येणार गं आता,” त्या म्हणाल्या.

इतक्या दिवसांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.