सैल पदर

"अंगठा उठव म्हटलं ना? वाचत काय बसलीस?" दुरैसामीसाहेबांनी शाईची डबी पेच्चियम्माळपुढे सरकवली.

ती वाचतच राहिली. उजव्या हाताला हे भलंमोठं बँडेज होतं. दोन बोटं परवा सूतगिरणीच्या यंत्रानं नेली होती. हातातल्या अपघाताच्या अहवालात लिहिलं होतं, कामगार स्त्रीचा सैल पदर यंत्रात अडकला, चूक सर्वस्वी तिची. अंगठा उठवला की नोकरी गेली, भरपाईही गेली.

"कसला पदर, साहेब? नवऱ्याचा शर्ट होता अंगात. वरपासून खालपर्यंत बटणं लावलेला."

कोपऱ्यात टायपिंग करणाऱ्या वळर्मतीला शिसारी आली. कोइमतूरच्या कुठल्याही गिरणीत जा, बाया साडीवर शर्ट चढवल्याशिवाय यंत्राजवळ जात नाहीत. नऊ वर्षं हा इथला सुरक्षा अधिकारी, आणि बायांच्या अंगावर काय असतं ते याला ठाऊक नाही! अहो, खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते. तीही नाही मेल्याला.

"वळर्मती, दुसरी प्रत काढ. ही हिनं चुरगळली."

वळर्मतीनं फाइल उघडली. साहेबांची समजूत अशी, की वर नवं लिहिलं की खालचं जुनं मेलं. संगणक दर तासाला आपण होऊन एक प्रत बाजूला ठेवतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिनं कालच्या प्रती एकेक करून पाहिल्या.

दहा वाजून दहा मिनिटं : यंत्रावरची संरक्षक जाळी तुटली होती. तीनदा लेखी कळवूनही गिरणीनं दुरुस्त केली नाही.

अकरा-दहा : जाळीची दुरुस्ती राहून गेली. मधेच मालकांचा फोन येऊन गेला होता, ते तिला आठवलं.

बारा-दहाला जाळीचं नावच नव्हतं. एक-दहाला पदर आला होता.

तिनं पहिली प्रत छापली आणि सरळ पेच्चियम्माळच्या हातात दिली. "अक्का, ही वाच."

पेच्चियम्माळनं ती मोठ्यानं वाचली. साहेब ताडकन उठले.

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच, साहेब. काल सकाळी दहा-दहाला."

"ते पुसलं होतं मी!"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पेच्चियम्माळनं शाईची डबी बाजूला सारली, टेबलावरचं पेन डाव्या हातात धरलं आणि त्या कागदाखाली वाकडंतिकडं, पण आपलं पुरतं नाव लिहिलं.

"अगं ए, ते जुनं आहे! रद्द झालंय ते!"

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे काल सकाळी दहा-दहापर्यंत तुम्ही माणूस होतात, साहेब."