हातभर दोऱ्याचं गाणं

“माप चुकलंय, बाई,” शिंपीकाका म्हणाले.

चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. काका त्याच्यासमोर उभे, मान जराशी कलती, गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट चढवून बघावा तसे. चित्रकारबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. लोक येत, आपलं आवडतं गाणं सांगत. बाई ते महिना महिना ऐकत आणि रंगात उतरवत. ना माणूस, ना झाड, ना घर. डावीकडे गाणं सुरू व्हायचं, उजवीकडे संपायचं, मध्ये नुसते रंग. काकांनी सांगितलेलं गाणं त्यांच्या बायकोचं होतं. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. आजवर कुणाला चित्र आवडलं, कुणाला कळलं नाही; पण त्याचं माप कुणी काढलं नव्हतं.

“आखूड झालं का?” बाईंनी हसण्यावारी नेलं.

“लांब झालं.” काकांनी बोट दाखवलं. “इथवर ती आहे. हा पिवळा, हा मधला हिरवा, झोका घेऊन खाली येतो तो. सगळं तिचंच. पण इथून, या निळ्यापासून पुढचं तिचं नाही.”

निळं म्हणजे दुसरं कडवं. बाईंचा चेहरा उतरला. सगळ्या चित्रात खरं जमून आलं होतं ते तेवढंच. अकरा दिवस त्या निळ्यापाशी नुसत्या बसून होत्या आणि बाराव्या दिवशी हात आपसूक चालला होता, कित्येक वर्षांनी.

“काका, गाण्यात ते कडवं आहे.”

“गाण्यात असेल. आमच्याकडे नव्हतं.” काका स्टुलावर टेकले. “मी मशीनवर, ती काजांना. काजाला दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गुंततो. दोरा चालू तोवर गाणं चालू. दोरा संपला की गाणं बंद. नवा ओवायचा, गाठ मारायची, की पुन्हा पहिल्यापासून! मी म्हणायचो, अगं, पुढचं म्हण की. तर म्हणायची, पुढचा दोरा तुम्ही ओवा, मग म्हणते.”

“मग?”

“मग काय, मी कसला ओवतोय! बत्तीस वर्षं अर्धंच गाणं ऐकलं. रेडिओवर पूर्ण लागलं की परक्या बाईचं वाटायचं.” त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. “तुमची मेहनत दिसते, बाई. कापड झकास, शिवण झकास. पण अंग तिचं नाही. हे घरी नेलं तर रोज वाटेल, दुसरीच कुणी येऊन बसलीय.”

वाद घालता आला असता. चित्र ठेवून घेता आलं असतं. पुढच्या प्रदर्शनात पहिल्या भिंतीवर लागलं असतं. पण गाणं त्यांचं नव्हतं. त्यांनी निळ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं, पांढऱ्याचा डबा उघडला, रुंद ब्रश बुडवला आणि निळ्यावर वरून खाली एक पट्टा ओढला.

तेवढ्यात काकांची लेक जिना चढून वर आली. चित्र गुंडाळायला आणलेली जुनी चादर तिच्या खांद्यावर होती.

“अहो, हे काय करताय?”

“दुसरं कडवं काढतोय,” काका म्हणाले. “तुझी आई म्हणत नव्हती ना ते.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. बत्तीस वर्षं शेजारी बसलोय.”

“दुकानात, बाबा.” लेक तशीच उभी राहिली. “घरी मला झोपवताना हेच तर म्हणायची. दुसरंच कडवं जास्त. पहिलं दिवसभर म्हणून विटलेली असायची बिचारी.”

“मी कधी ऐकलं नाही.”

“कसं ऐकणार? तुम्ही शटर ओढून घरी येईस्तोवर मी झोपलेली असायचे.”

ब्रशवरून एक पांढरा थेंब फरशीवर पडला. बाईंनी काकांकडे पाहिलं. ते निळ्याकडेच बघत होते. मग बाईंनीच ओलं फडकं घेतलं आणि पट्टा पुसला. निळं खाली होतं तसंच होतं, कडेला थोडं धुरकटलेलं.

“म्हणून दाखव,” काका लेकीला म्हणाले.

“इथे? माझा आवाज म्हणजे...”

“माझ्या मशीनपेक्षा बरा असेल. म्हण.”

तिने म्हटलं. नीट येत नव्हतं. एका ओळीला खोकला आला, एक शब्द गाळला. काकांचे डोळे निळ्यावरून सरकत होते, नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसासारखे, हळूहळू. निळं जिथे संपत होतं तिथे ती थांबली. पुढे उजव्या कडेला चार बोटं तांबूस रंग उरला होता.

“आणि हे?”

“ही शेवटची ओळ,” बाई म्हणाल्या.

“ती मला नाही माहीत, बाबा. तोवर मला झोप लागायची.”

“मग पुढे ती म्हणायची, की तिथेच थांबायची?”

“कुणाला ठाऊक.”

फडकं अजून बाईंच्या हातात होतं, ब्रशवरचा पांढरा अजून ओला होता.

“एवढं पांढरं करू का, काका?” त्यांनी विचारलं.

काकांनी लेकीच्या खांद्यावरची चादर घेतली आणि झटकून उलगडली.

“नको,” ते म्हणाले. “तेवढं तिचं तिला राहू द्या.”