जवळ आलेला रोहित

मी, बायको स्वाती आणि पाच वर्षांची तेजल, रोहित पक्षी बघायला गाडीने कच्छच्या रणाकडे निघालो होतो. वाटेत नवापूरच्या खाडीतही थोडे उतरलेत असं कळलं, म्हणून मनोरला हायवे सोडला.

काठावर गाडीचं दार धाडकन लागलं आणि सगळा थवा उडाला. एकच रोहित मागे राहिला.

"हा आपल्यासाठी थांबलाय!" तेजलने टाळ्या पिटल्या.

दुर्बीण लावली तर त्याचे पाय मासेमारीच्या जाळ्यात अडकलेले. पंख फडफडवले की आणखी गुरफटत होता.

मासळीची पाटी घेऊन चाललेल्या एका मावशींना मी थांबवलं.

"नाय जमायचं, दादा," त्या खाडीकडे बघत म्हणाल्या. "भरती लागली हाय. या चिखलात मानूसबी कमरेपर्यंत रुततो."

तेवढ्यात तेजलने दुर्बीण ओढून घेतली. "बाबा, केवढा जवळ आहे! हात लांब करा ना. काढा ना त्याला!"

पाणी त्याच्या पोटाला लागलं होतं.

स्वातीने तेजलच्या हातातली दुर्बीण घेतली, उलटी केली आणि पुन्हा तिच्या डोळ्यांना लावली. "आता बघ."

"आई, लांब गेला! सुटला?"

"हो. सुटला."

तेजल उड्या मारत गाडीकडे पळाली. स्वातीने दुर्बीण माझ्या हातात दिली.

मीही ती उलटीच डोळ्यांना लावली.