बंद झाकण

निवृत्त सुभेदार रंगराव खराडे बोटाएवढ्या रणगाड्यावर स्पंजने काजळी चढवत होते. गावच्या शाळेसाठी एकाहत्तरच्या लढाईचा देखावा चालला होता. पट्ट्यांना चिखल, पत्र्याला गंज, सगळं त्यांनी आठवून आठवून रंगवलं होतं. या जळक्या रणगाड्याशी मात्र हात थबकायचा.

दुपारी इंदुवहिनी आल्या. त्यांचा नवरा शिवराम त्याच रणगाड्यात होता. त्या वाकून बघत राहिल्या.

"भावोजी, वरचं झाकण बंद कसं? तुम्ही तर म्हणाला होता, ह्यांना बाहेर काढलंत, तुमच्या मांडीवर गेले."

रंगरावांनी स्पंज खाली ठेवला. इतकी वर्षं जपलेलं खोटं त्यांच्याच हातांनी उघडं पडलं होतं.

"झाकण वाकून अडकलं होतं, वहिनी. मी पहारीने उचकटत होतो. निघालंच नाही."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बाहेर आहात, हे त्यांना कळलं होतं?"

"मी हाक मारली की तो आतून ठोकायचा," रंगराव म्हणाले. "म्हणून हाका मारत राहिलो. ठोकणं थांबलं, तरी मारतच होतो. अजूनही झोपेत मारतो, म्हणतात घरचे."