वाघबारशीआधीची कुस्ती

"आ कर," फागू म्हणाला.

लहान्याने तोंड उघडलं. कढत पाण्यात मऊ केलेलं मधाच्या पोळ्याचं मेण फागूने फडक्यात गुंडाळलं, पोराच्या वरच्या दातांवर बसवलं आणि हनुवटी खालून दाबली. "चाव. आजून चाव." मेणात दातांचे ठसे उमटले. शेजारी लंगोट कसणारे पैलवान हसत होते. "भगता, पोर हाय का घोडा? लगाम कशाला घालतंस?" एकाने विचारलं. जव्हारला दसऱ्याच्या कुस्त्या दरवर्षी होत आणि दरवर्षी कुणाचा ना कुणाचा दात मातीत जाई. त्याचं कुणाला फारसं वाटत नसे. दात नसले तरी पैलवानाला भाकरी कालवून खाता येते.

लहान्याचं तसं नव्हतं. तो साखरशेतच्या फागू भगताचा एकुलता एक पोर. दिवाळीत, वाघबारशीला, फागू त्याला मंत्र देणार होता. आणि पुढचे दात पडलेल्याला मंत्र देत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फटीतून वारा सुटतो, शब्द तुटतो, आणि तुटका मंत्र उलटून आजाऱ्यालाच धरतो. फागूच्या बापाने तर फागूला लहानपणी झाडावरही चढू दिलं नव्हतं.

फागू आता थकला होता. भगताच्या घराला दार असून नसल्यासारखं. कुणाला ताप, कुणाची गाय आटलेली, कुणाची सून घुमायला लागलेली. हाक आली की उठायचं, मग अंगात कणकण असो की बाहेर धो धो पाऊस. लहान्याची आई चैती गेली तेव्हा फागू पोशेरा गावात दुसऱ्याच्या बायकोचा ताप उतरवत बसला होता. ती बाई वाचली. लोक अजून फागूची थोरवी सांगताना तिचंच नाव घेतात. आता हे ओझं पोराच्या खांद्यावर द्यावं आणि स्वस्थ पडून राहावं, एवढीच त्याची आस उरली होती.

पोराने कधी नाही म्हटलं नाही. म्हणूनही उपयोग नव्हता; भगताचा पोर नाही म्हणतो म्हटल्यावर सारा गाव अंगणात येऊन बसला असता. त्याने फक्त एक मागितलं होतं. यंदा दसऱ्याला एक कुस्ती खेळू दे, मग वाघबारशीला तुझ्यापुढे बसतो. आवळा देऊन कोहळा काढला, असं तेव्हा फागूला वाटलं होतं.

ढोल वाजला. समोर जामसरचा सोम्या उभा राहिला, मान बैलाची. हाताला हात लागले, थोडी खडाखडी झाली आणि सोम्याने खाली वाकून मुसंडी मारली. त्याचं डोकं थेट लहान्याच्या तोंडावर आदळलं. लहान्या उताणा पडला. उठला तेव्हा हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि वरचे पुढचे दोन दात जागेवर नव्हते.

फागू गर्दी सारत धावला. दणक्याने मेण उडालं असणार, आपणच ते नीट बसवलं नाही, असं म्हणत तो वाकून माती चाचपू लागला. माती नुसतीच हाताला लागत होती. मेण सापडलं ते आखाड्याबाहेर, लहान्याच्या बंडीखाली, नीट ठेवलेलं. फडक्यावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"कवा काढलास?"

"अंगाला माती लावताना."

"का रं?"

लहान्याने रक्त थुंकलं. इतकं लागूनही त्याचा चेहरा निवांत होता. "मना रातचा निजायचा हाय, बा," तो म्हणाला. "उद्या माझे घरात कोनी मरला, त मना तठं असायचा हाय."

साखरशेतची माणसं भोवती जमली. पिढ्यांचा मंत्र बुडाला म्हणून म्हातारे कपाळाला हात लावत होते. "मार त्याला, भगता," कुणीतरी ओरडलं. फागूने हात उगारला आणि तो तसाच खाली घेतला. तेवढ्यात पोशेऱ्याचा एक माणूस गर्दीतून पुढे आला. त्याची पोर तापाने फणफणली होती आणि तो सकाळपासून भगताला शोधत होता. "चल," फागू म्हणाला.

तो त्या माणसामागून डोंगर चढू लागला. मागे झाडाच्या सावलीत लहान्या आडवा झाला होता. साऱ्या चढणीवर फागू राग यायची वाट पाहत होता. आला तो पोराचा हेवा.