उघाडीची किल्ली

कागद बन्सीने घरूनच लिहून आणला होता. दमयंतीने खाली फक्त सही करायची होती.

बांधावर ती, बन्सी, मासळी खात्याच्या अर्चनाबाई आणि गावातली दहा-बारा माणसं उभी होती. खाली तळं हिरवं, दाट, ढवळलेल्या रंगासारखं. कटले आणि रोहू पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. जे जगले होते ते पाण्याबाहेर तोंडं काढून हवा गिळत होते. वास असा, की सातपाटीहून सून म्हणून आलेल्या रंभाबाईनेही नाकाला पदर लावला होता, आणि तिचा जन्म मासळीच्या पाट्या वाहण्यात गेला होता.

कागदात लिहिलं होतं : अकरा दिवसांपूर्वी, पूर आला त्या पहाटे, उघाडीचा राखणदार महादू याने कोणाला न विचारता उघाडी उघडली. पुराची घाण आत घेतली आणि उघाडी परत लावली. त्या घाणीवर शेवाळ माजलं आणि मच्छीमार सोसायटीचे मासे मेले.

महादू दमयंतीचा बाप. त्याच सकाळी तो इथे, या उघाडीशी, नदी आणि तळं यांच्यामधल्या फळ्यांच्या दाराशेजारी, बसल्या जागी गेलेला सापडला होता.

"बाय, काका गेलं," सोसायटीचा चेअरमन बन्सी समजावणीच्या सुरात म्हणाला. "त्यांना आता कसली नोटीस येनार? तू सही कर, विषय मिटला."

"मढ्याच्या टाळूवरचं लोनी," रंभाबाई पदराआडून म्हणाली. बन्सीने ऐकलं नाही असं दाखवलं.

दमयंतीने कागद दोनदा वाचला. मग अर्चनाबाईंकडे वळून तिने सांगितलं, की पुरात खत येतं हे खरं, शेतांतला युरिया येतो, गाळ येतो. पण पूर हिरवं आणत नाही, हिरवं धुऊन नेतो. बाबा पूर आत घेत, दोन दिवस ठेवत, आणि नदी ओसरू लागली की उघाडीला जाळी लावून सोडत. जाताना पाणी जुनं शेवाळ घेऊन जाई. मागे गाळ राही, त्यावर माशांना पुरेल एवढंच नवं येई. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. यंदा आषाढात दोन टेम्पो कोंबडीखत तळ्यात पडलं, आणि पाणी कोंडलेलं राहिलं.

टेम्पो रिकामा करायला हात लावलेले चारजण नदीकडे पाहू लागले.

"खत सगलेच टाकतात," बन्सी म्हणाला. आता सूर समजावणीचा नव्हता. माशांचं बीज विकत आणलंय, पुराबरोबर ते नदीत जायला नको, म्हणून यंदा उघाडी बंद ठेवायचा ठराव झाला होता. म्हाताऱ्याने तो मानला नाही, चार माणसांत भांडला, हे त्याने सगळ्यांना ऐकवलं. "कुलूप एक, किल्ली एक. कुलपाला तवापासून कोनी हात लावलेला नाय. किल्ली काकांच्या खिशात. मंग उघडली कोनी, देवानं?"

कोणीतरी हसलं.

किल्ली खिशात होती, हे खोटं नव्हतं. बाबांच्या ओल्या शर्टातून दमयंतीनेच ती काढली होती. मध्येच वाकलेली. तिला तेव्हा नवल वाटलं होतं, कारण तिचा बाप विळ्याची धारसुद्धा बोथट होऊ देत नसे. अकरा दिवस ती किल्ली तिच्या पर्समध्ये पडून होती.

दमयंती उघाडीच्या पायऱ्या उतरली. पायऱ्यांवर शेवाळ चढलं होतं, तिने भिंतीचा आधार घेतला. साखळीतलं कुलूप हातात घेऊन उलटं केलं. भोकाभोवती ओरखडे होते, आडवे, उभे, एकावर एक.

तिने किल्ली घातली. अर्धी आत गेली आणि अडली. वाकली होती ती बरोबर तिथेच.

पलीकडे कालच्या पावसाने नदी पुन्हा चढली होती. फळीच्या त्या बाजूला लाल पाणी धडका देत होतं. या बाजूला काही हलत नव्हतं. दमयंती तशीच ओणवी राहिली. बाबा किती वेळ या कुलपाशी झटले असतील, हे मोजत बसायचं नाही, असं तिने ठरवलं.

"लागत नाही का?" अर्चनाबाईंनी वरून विचारलं.

"कुलूप वेगळं आहे."

अर्चनाबाईंनी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली आणि या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, असं विचारलं. सगळे बन्सीकडे बघू लागले. त्याने बराच वेळ खिसे चाचपले. मग मोटारसायकलच्या किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला, त्यात ती होती. नवी, पिवळी.

"उघड रे," रंभाबाई म्हणाली. "जगलंत तेवढं तरी जगूदेत."

बन्सी खाली आला. दमयंती बाजूला झाली, पण बाबांची किल्ली तिने कुलपातच ठेवली होती. बन्सीने ती आधी दोन बोटांनी ओढली, मग मुठीने. मग हिरव्या पाण्यात गुडघे टेकून दोन्ही हातांनी.

किल्ली निघेना.